चाकणचा बिबट्या: लांडग्यांच्या बक्षिसापासून पिंजऱ्यापर्यंत

१/ मार्च २०२२. चाकण औद्योगिक वसाहतीतील मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात एक बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढण्यात आले, वनविभागाचे आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे पथक पोहोचले, आणि काही तासांनंतर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. त्या दिवशी प्रत्येक गटावर एकच चित्रफीत आणि त्याखाली एकच प्रश्न होता: हा इथे आला कसा?

आजचा धागा त्या प्रश्नाबद्दल आहे. उत्तर साधारण चारशे वर्षांचे आहे, म्हणून धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.

२/ आधी एक प्रशासकीय तपशील. चाकण ज्या खेड तालुक्यात येते तो तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके मिळून हा विभाग होतो, आणि बिबट्या व माणूस यांच्या संघर्षासाठी तो देशभर ओळखला जातो. म्हणजे ज्या कार्यालयाने ओतूरच्या उसातील बिबट्या पकडायचा, तेच कार्यालय चाकणच्या कारखान्यातील बिबट्याही पकडते. आपण पिंपरी-चिंचवडकर नकाशा पुण्याकडून वाचतो. जुन्नरकडून वाचला तर चाकण हे त्या प्रदेशाचे दक्षिणेकडील टोक आहे.

३/ आता मागे जाऊ, थेट १६३० च्या दशकात. १६३०-३२ चा दख्खनचा भीषण दुष्काळ, त्यातच आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्याची केलेली जाळपोळ. गावे ओस पडली, शेते पडीक झाली. शहाजीराजांच्या जहागिरीची व्यवस्था दादोजी कोंडदेवांकडे आली, तेव्हा त्यांनी काय केले याची हकिगत बखरवाङ्मयात येते, आणि जदुनाथ सरकारांनी आपल्या ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ (१९१९) या ग्रंथात ती घेतली आहे. ओस मुलखात लांडगे फार माजले होते. दादोजींनी डोंगरी लोकांना लांडगे मारण्यासाठी बक्षिसे लावली आणि जमीन कसणाऱ्यांना साऱ्यात सवलत दिली.

४/ (दादोजींविषयीचे आधुनिक वाद इथे उकरू नयेत, ही विनंती. बखरी उत्तरकालीन आहेत, त्यांतील तपशील तोलून घ्यावा लागतो, हे मान्यच आहे.)

माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. बक्षीस आणि साऱ्याची सवलत हे दोन उपाय त्या हकिगतीत एकाच श्वासात येतात. लांडगा हा त्या कारभाऱ्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रश्न नव्हताच. जमीन ओस पडली म्हणून लांडगा वाढला. जमीन पुन्हा वाहितीखाली आली की तो आपोआप मागे हटेल, असा तो हिशेब होता. जनावराचा बंदोबस्त हा जमीनमहसुलाचा एक पोटविभाग होता म्हणा ना!

५/ आता शब्दांबद्दल थोडे, कारण जुनी कागदपत्रे वाचताना इथेच घोटाळा होतो. पुणे जिल्ह्याच्या गावांत बिबट्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात. पट्टेरी वाघ सांगायचा असेल तर ‘ढाण्या वाघ’ असे मुद्दाम म्हणावे लागते. त्यामुळे एखाद्या जुन्या हकिगतीत ‘वाघाने गुरू नेले’ असे आले तर तो कोणता वाघ, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. ढाण्या वाघ या भागातून पुढे नाहीसा झाला. शब्द मात्र राहिला आणि बिबट्याच्या वाट्याला आला.

त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द ‘वाघर’. धनगर मेंढरांच्या वाड्याभोवती जी जाळी लावतात ती. वाघापासून राखते म्हणून वाघर, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो संस्कृत ‘वागुरा’ म्हणजे जाळे यावरून आला आहे. मी स्वतः पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चुकीची व्युत्पत्ती ठामपणे सांगत होतो.

६/ वाघोबा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वारली आणि पूर्वेकडे महादेव कोळी समाजात वाघोबाची पूजा आहे. अकोले, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातील आदिवासी गावांत आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपण शहरात जिला वसुबारस म्हणतो त्याच दिवशी, वाघबारस साजरी होते. एकाच तिथीला सपाटीवर गाईची पूजा आणि डोंगरात वाघाची! गुराख्यांचा हा सण. गुरांना सांभाळ, असे त्या दिवशी वाघोबाला सांगायचे असते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रम्या नायर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली आहेत.

७/ वाघोबाविषयी अलीकडे फार गोड लिहिले जाते. आदिवासी निसर्गाशी एकरूप होते, त्यांना भय नव्हते, इत्यादी. मला हे पटत नाही. ज्याला भय नाही तो नवस कशाला बोलेल? वाघोबाशी नाते हे कराराचे आहे. वर्षाला अमुक दिवशी मान द्यायचा आणि त्याने गुराढोरांना, माणसांना उपद्रव द्यायचा नाही. करार मोडला तर दोष कुणाचा, याचीही चर्चा गावात होते; मान राहिला का, विटाळ झाला का, असे विचारले जाते. म्हणजे हल्ला झाल्यावर काय करायचे याची एक पद्धत गावाजवळ होती. ती परिणामकारक होती की नाही हा वेगळा प्रश्न.

(चऱ्होलीचा वाघेश्वर आणि वाघोलीचा वाघेश्वर यांच्या नावांवरून इतिहास काढण्याचा मोह होतो खरा. दोन्ही देवस्थाने शिवाची आहेत. नावापलीकडे पुरावा हाती नसताना तिथेच थांबणे बरे.)

८/ आणि पूजेबरोबर राखण होतीच. उभ्या पिकात लाकडी माळा घालून रात्र जागवणे, गोफण, शेकोटी, गावचा जागल्या, दगडी भिंतींचा व आत आडणा लावलेला गोठा. माणसे गावठाणात दाटीने राहत. शेतात एकटे घर बांधून राहणे ही आपल्याकडे अगदी अलीकडची गोष्ट आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

९/ एकोणिसावे शतक. दादोजींच्या बक्षिसाची कल्पना इंग्रजांनी साम्राज्याच्या मापाने राबवली. वाघ, बिबट्या, लांडगा यांना ‘उपद्रवी प्राणी’ ठरवून प्रत्येकाला दर लावला गेला. वाघाला जास्त, बिबट्याला त्याहून कमी. किती माणसे मेली, किती जनावरे मारली, किती रक्कम वाटली याचे वार्षिक तक्ते निघू लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे बक्षिसांसाठी मारले गेले.

१०/ याच काळातला दुसरा कायदा आपण वेगळ्या धड्यात शिकतो: १८७८ चा शस्त्रास्त्र कायदा. राष्ट्रीय चळवळीच्या संदर्भात तो येतो, पण त्याचा एक परिणाम बांधावर झाला. बंदुकीला परवाना लागू लागला. म्हणजे सरकार एका हाताने म्हणत होते, बिबट्या मारा आणि बक्षीस न्या. दुसऱ्या हाताने बंदूक काढून घेत होते. मारण्याचे काम गावाकडून सरकारी अधिकारी, संस्थानिक आणि परवानाधारक शिकारी यांच्याकडे सरकले. हल्ला झाला की साहेबाला अर्ज करायचा, ही सवय इथे सुरू होते. आजही पहिली मागणी ‘पिंजरा लावा’ हीच असते, आणि ती कार्यालयाकडे असते.

११/ १९७२. दोन घटना एकाच वर्षी. दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि बक्षिसांचे युग अधिकृतपणे संपले. आज बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जो मानवी जीविताला धोकादायक झाला आहे आणि ज्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही, अशालाच मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन देऊ शकतात. (कलम ११. वृत्तवाहिन्यांवर ‘नरभक्षक घोषित’ असे जे ऐकू येते, त्यामागे हे कलम असते.)

आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला, ज्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. माझ्या आजोळी, आंबेगाव तालुक्यात, आजी कशाचेही वर्ष सांगायचे झाले तर ‘दुष्काळाच्या आधी’ की ‘दुष्काळानंतर’ एवढेच सांगत असे.

१२/ माझ्या मते बिबट्याच्या इतिहासात दुसरी घटना पहिलीपेक्षा मोठी आहे. पाणी हवे, ही मागणी त्यानंतर कुठल्याही सरकारला टाळता येईना. कुकडी प्रकल्पाची धरणे या दशकापासून एकामागून एक उभी राहिली: येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे, पिंपळगाव जोगे. खेड तालुक्यात चासकमान आणि भामा आसखेड. कालवे आले. बाजरी, मटकी, हुलगा काढणारी रानं ओलिताखाली आली आणि त्यात ऊस उभा राहिला. निवृत्तीनगरचा विघ्नहर, पारगावचा भीमाशंकर हे सहकारी कारखाने आले.

१३/ उसाकडे बिबट्याच्या नजरेने पाहा. अडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत दाट सावली, पाण्याची सरी, माणसाचा वावर नाही. बाहेर बांधावर वस्ती, तिथे कुत्री, शेळ्या, कोंबड्या, वासरे. बाजरीचे पीक तीन-चार महिन्यांत निघून जाते आणि रान मोकळे होते. ऊस वर्षभर जंगल होऊन राहतो. मादी उसात विते, आणि तोडणीच्या दिवसांत सरीत डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात. दर हिवाळ्यात अशी पिल्ले त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवण्याचे काम वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसचे कार्यकर्ते करतात. या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी भीमाशंकरचे अरण्य पाहिलेलेही नसेल.

१४/ आणि माणूसही त्याच वेळी उसाकडे सरकला. विहीर, मोटार, पाइपलाइन आली तशी कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. क्रमांक ८ मध्ये म्हटलेली दाट वस्ती विरळ झाली. घराच्या ओट्यापासून दहा पावलांवर उसाची पहिली सरी. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते, म्हणून दारे धरायला माणूस अंधारात बॅटरी घेऊन एकटा जातो. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही जुन्नर-शिरूरमधील मागणी म्हणून केवळ शेतीची मागणी नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे मी याही नजरेने पाहतो.

१५/ चाकणकडे थोडे येऊ. ज्या संग्रामदुर्गाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांच्या नेतृत्वाखाली शायिस्ताखानाला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवले, त्याच्या आसपास आज मोटारींचे कारखाने आहेत. पिंपरीत १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पुढे औद्योगिक विकास महामंडळ, टेल्को, बजाज. नव्वदच्या दशकापासून ही लाट इंद्रायणी ओलांडून चाकणला आली. कारखान्यांच्या कुंपणात मोठमोठे गवताळ भूखंड राहिले, ओढ्यांच्या कडेला झुडपे राहिली, आणि खानावळींच्या उकिरड्यांवर कुत्री पोसली गेली. उसातल्या बिबट्याला इथवर यायला फार मोठी हिंमत लागत नाही. भामेच्या काठाकाठाने आडोसा मिळत जातो.

१६/ आता या इतिहासातील सर्वांत दुखरा भाग. २००१ ते २००३.

जुन्नर परिसरात पशुधनाचे नुकसान वाढले होते, लोक चिडले होते. उपाय ठरला तो दिसायला माणुसकीचा होता: मारायचे नाही, पिंजऱ्यात पकडायचे आणि दूर जंगलात सोडायचे. बिबटे पकडले गेले आणि घाटमाथ्याच्या वनांत, सरासरी सुमारे ४० किलोमीटरवर सोडले गेले.

१७/ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्थलांतराआधीच्या वर्षांत जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ते चौपटीहून अधिक झाले. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. आणि हल्ले जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही होऊ लागले.

तोवर शेळ्या नेणाऱ्या जनावराला पकडून, ओढून, अनोळखी मुलखात सोडले तर ते काय करेल? ते घराकडे परत निघते. वाट अनोळखी वस्त्यांतून जाते. आणि रिकाम्या झालेल्या त्याच्या उसात दुसरा तरुण बिबट्या येऊन बसतो.

१८/ परतीच्या ओढीचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे ‘आजोबा’. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. तो तिथे राहिला नाही. साधारण १२० किलोमीटर चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, खाडी पोहून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ अखेरीस घोडबंदर परिसरात वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावरचा मराठी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना पाहिला असेल.

१९/ हा धडा फक्त आपला नाही. अमेरिकेत यलोस्टोन उद्यानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेलांच्या कचऱ्यावर अस्वले येत आणि पर्यटक बाकांवर बसून तो तमाशा पाहत. उकिरडे १९७० च्या सुमारास बंद झाले, तेव्हा कचऱ्याला सोकावलेली अस्वले छावण्यांकडे वळली. पकडून दूर सोडलेली अस्वले परत येतात, हे तिथल्या रक्षकांनीही अनुभवले. विदर्भात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या भोवतीच्या गावांत अस्वलांचा प्रश्न आहे. तोही आहार आणि पाणी यांच्याभोवतीच फिरतो.

२०/ मग उत्तर अकोल्याचे आहे का? अत्रेय यांच्याच गटाने अकोले तालुक्यात १७९ चौरस किलोमीटरच्या शेतीपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावले. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस, आणि तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा ठिकाणी. विष्ठेच्या तपासणीत आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के.

या अभ्यासावरून शहरी वाचक पटकन म्हणतो, ‘बघा, सहजीवन शक्य आहे.’

२१/ मी असे म्हणायला कचरतो, आणि त्याचे कारण पिंपरखेड आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांपैकी दोन मुले होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनविभागाच्या मालमत्तेला आग लावली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत गावकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसे पट्टे, माणसांच्या गळ्यात.

२२/ ज्याचे मूल अंगणातून गेले त्याला ‘बिबट्या मुळातच लाजाळू’ हे वाक्य सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या मागण्या त्यावेळी झाल्या, त्यांतील ‘सगळे पकडून दूर सोडा’ ही मागणी मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाचतो तेव्हा मला २००१ दिसते. आपण तो प्रयोग केला आहे. त्याची किंमत ज्या गावांजवळ बिबटे सोडले गेले त्यांनी मोजली. आणि कायमचे पिंजऱ्यात ठेवायचे तर माणिकडोहला किती पिंजरे बांधायचे?

हल्लेखोर बिबट्या ओळखून त्यालाच हटवणे, मारावा लागला तर मारणे, आणि त्याच वेळी रात्रीची वीज, उघडा गोठा, अंगणापर्यंत आलेला ऊस आणि मोकाट कुत्री यांच्याकडे पाहणे, हे एकमेकांविरुद्धचे उपाय नाहीत. दादोजींच्या हकिगतीत बक्षीस आणि सारा एकत्र होते, ते मी उगाच सांगितले नाही. आपण बिबट्याचे काम वनविभागाला दिले, विजेचे महावितरणला, उसाचे कारखान्याला आणि कुत्र्यांचे कुणालाच नाही.

२३/ पिंपरखेडनंतर केंद्र सरकारने जुन्नरमध्ये पाच माद्यांच्या प्रायोगिक नसबंदीला परवानगी दिली. याचे फळ दिसायला वर्षे लागतील, दिसले तर.

२४/ जाता जाता एक उणीव, आणि तुमच्याकडे एक मागणे.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो: ऊसतोड कामगार. बीड, नगर भागातून दिवाळीनंतर येणाऱ्या टोळ्या शेताच्या कडेला, पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोप्यांत राहतात. दाराला दार नसते. पहाटे आईबाप फडात असतात, लहान मुले कोपीत किंवा बांधावर झोळीत असतात. ज्या उसातून बिबट्या बाहेर पडणार असतो, तो ऊस तोडणारे पहिले हात त्यांचेच. गावच्या ग्रामसभेत मात्र त्यांना जागा नाही, कारण ते त्या गावचे नाहीत.

त्यांच्या आठवणी कुणी संगतवार नोंदवलेल्या माझ्या पाहण्यात आल्या नाहीत. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणी जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे तोडीला येऊन गेले असेल, तर त्यांच्याशी बोला. कोणत्या साली, कोणत्या कारखान्याला, कोपी कुठे होती, रात्री विस्तव कसा ठेवत, मुलांना कुठे झोपवत, वाघ दिसला तर कुणाला हाक मारत. त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन लिहून ठेवा आणि मला कळवा. हंगाम संपून टोळ्या परतल्या की मीही पाटोद्याकडे जाणार आहे. वही घेतली आहे.

#इतिहास #जुन्नर #चाकण #बिबट्या